सल्लागाराच्या घरचं औषध

दिंडोरी तालुक्यात शेखर पिंगळच्या शब्दाला मान होता, आणि ही गोष्ट खुद्द शेखरला जरा जास्तच माहीत होती. तो द्राक्षबागांचा सल्लागार. बागेत शिरायचं, पान उलटं करून उजेडाकडे धरायचं, ‘हंऽऽ’ म्हणायचं आणि औषध सांगायचं. निम्मी फी त्या ‘हंऽऽ’चीच असते, असं तो मित्रांत स्वतःच सांगे.

शेतकऱ्यांबद्दल त्याची एकच तक्रार होती: ते खरं बोलत नाहीत. बाग करपली की फोन येतो. आधी कोणतं औषध मारलंय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, “काहीच नाय, साहेब.” मोहाडीच्या देवरामने तर दुकानदाराचं ऐकून तीन औषधं एका टाकीत कालवली होती आणि रिकाम्या बाटलीवर पाय ठेवून हेच उत्तर दिलं होतं. हा किस्सा शेखर दर मेळाव्यात सांगायचा. लोक हसायचे, देवरामही हसायचा.

घरी मुलगी निकिता, दहावीला. पावसाळ्यात तिच्या गालांवर पिंपल्स उठले. ती आरशासमोरून हलेना.

“पप्पा, द्राक्षाच्या मण्यावर तुम्ही एक डाग राहू देत नाही. मी काय लोकल मार्केटचा माल आहे का?”

असं कोणी म्हटल्यावर शहाण्या बापाने मुलीला डॉक्टरकडे न्यायचं. शेखरने बहिणीला फोन केला. बहिणीचा मुलगा अमोल सातपूरला कंपनीत होता आणि त्याचा चेहरा त्वचेच्या डॉक्टरांनी साफ करून दिला होता. शेखरने अमोलच्या गोळ्यांचं नाव विचारून घेतलं, ओळखीच्या मेडिकलमधून त्याच आणल्या आणि सवयीने पाकीट उजेडाकडे धरून पाहिलं.

गणपतीपर्यंत गाल स्वच्छ झाले. शेखर बायकोला, उज्वलाला, येता-जाता विचारू लागला, “फरक पडलाय ना?” गोळ्या थांबवायचं मात्र त्याच्या मनात आलं नाही. चांगलं चाललेलं फवारणीचं शेड्यूल मध्येच मोडायचं नसतं, हा त्याचाच नियम.

नवरात्रात निकिताचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठतानाच दुखायचं. शेखरने निदान केलं, मोबाइल. मोबाइल काढून घेतला. मग निदान बदललं, दहावीचं टेन्शन. मग, पाणी कमी पिते. छाटणीनंतरच्या फवारण्या सुरू होत्या, म्हणून शेवटी औषधाच्या वासावर खापर फोडलं आणि तिला देवळाली कॅम्पला मावशीकडे धाडलं. तिथे लष्कराच्या सरावाच्या तोफा धडाडत होत्या. डोकं तरीही दुखतंय, असं तिने फोनवर सांगितल्यावर शेखरला मनातून बरंच वाटलं. तोफांचं आणखी एक कारण हाताशी आलं.

परत आल्यावर एका सकाळी ती बूट घालायला वाकली आणि भिंत धरून तशीच उभी राहिली.

“पप्पा, वाकलं की सगळं राखाडी होतं. मग परत दिसतं. आणि कानात मोटर चालल्यासारखी धकधक होते.”

“कधीपासून?”

“बरेच दिवस झाले. तुम्हीच म्हणालात ना, टेन्शन आहे.”

शेखरने गाडी काढली.

नाशिकच्या डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमनी थेंब टाकून डोळ्यांच्या आत बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवली. “डोळ्यांमागच्या नसा सुजल्यात, दोन्हीकडच्या. कवटीच्या आत दाब वाढला की असं होतं. तो लवकर उतरला नाही तर नजर जाऊ शकते, आणि गेलेली नजर आणून देता येत नाही. आजच मेंदूच्या डॉक्टरांकडे जा.”

उज्वलाने निकिताचा हात धरला. शेखरने खुर्चीचा.

एमआरआयमध्ये गाठ नव्हती, रक्ताची गुठळीही नव्हती. मग कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी तपासलं. दाब खरंच खूप वाढलेला होता. मेंदूचे डॉक्टर पलंगाशेजारी येऊन उभे राहिले. “हिला आधी कसलं औषध चालू होतं?”

“काहीच नाही, साहेब,” शेखर म्हणाला.

इतक्या झटकन आणि इतक्या निरागसपणे, की देवरामने येऊन शिकवणी लावावी. खोटं बोलायचा विचारही नव्हता. पिंपल्सची गोळी म्हणजे औषध, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं. त्याच्या लेखी ते मण्याला चकाकी आणण्यासारखं काम होतं.

“पप्पा, पिंपल्सच्या गोळ्या,” निकिता पडल्या पडल्या म्हणाली. “रोज देता ना मला.”

“कोणत्या?” डॉक्टरांनी विचारलं.

शेखरने नाव सांगितलं. डॉक्सीसायक्लिन.

“कोणी लिहून दिल्या?”

“भाच्याच्या आहेत.”

“अहो,” उज्वला म्हणाली, “तुम्ही तर म्हणालात, डॉक्टरांच्या आहेत.”

“डॉक्टरांच्याच आहेत. अमोलच्या डॉक्टरांच्या.”

हे वाक्य आपण मोठ्याने बोललो, हे त्याला डॉक्टरांनी मान वर करून पाहिल्यावर कळलं.

“या प्रकारच्या अँटिबायोटिकने काही मुलांच्या डोक्यातला दाब वाढतो,” डॉक्टर म्हणाले. “सगळ्यांचा नाही. आजपासून बंद. इकडे मी दाब उतरवला असता आणि घरी तुम्ही चढवत राहिला असता.” एवढं बोलून ते लिहायला लागले. अशा वेळी शेखरने शेतकऱ्याला बांधावरच झापलं असतं. आपल्यालाही कोणीतरी झापावं म्हणून तो थांबून राहिला. नर्सने त्याला बाजूला व्हायला सांगितलं.

दाब उतरवायच्या औषधाने निकिताच्या बोटांना मुंग्या यायच्या आणि कोल्ड्रिंक बेचव लागायचं. डोकं दुखायचं हळूहळू थांबलं. नजरेचं काय, ते तपासणीतच कळणार होतं. तपासणीच्या दिवशी तिला एका यंत्रापुढे बसवलं. आत दिव्याचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. शेखर दाराबाहेर उभा राहून बटणाचे टकटक आवाज ऐकत होता. मधे आवाज थांबला की तो दाराला कान लावायचा.

“सूज उतरलीये,” मॅडम म्हणाल्या. “उजवा डोळा छान. डाव्याला बाहेरच्या कोपऱ्यात थोडं कमी दिसतंय. भरून येईल किंवा येणारही नाही. पुढच्या महिन्यात बघू.”

पार्किंगकडे जाताना शेखर गुपचूप तिच्या डाव्या बाजूला गेला आणि तिच्या खांद्याला खेटून चालू लागला. स्कूटर, खांब, माणसं, सगळ्यांना हाताने बाजूला सारत.

“पप्पा, सरका ना. मला दिसतंय.”

“मी कुठे काय म्हणतोय?”

“आणि तुम्ही तर दिसताच. पोट केवढं आहे बघा.”

“हो का?” म्हणत त्याने पोट आत ओढलं, पण बाजू सोडली नाही.