दोनदा वजा केलेले अंश

मला वेळ टिपायची खोड आहे. शेजारणीच्या मांजरीला पिल्लं झाली, टिपली वेळ. खालच्या सायकलवाल्याने दुकान उघडलं, टिपली. आमचे हे सांगतात की लग्नाच्या दिवशीसुद्धा हिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, घड्याळाकडे होतं. खोटं नाही ते. पस्तीस वर्षं मी पत्रिका मांडते आहे, आणि वेळ चुकली की सगळंच मुसळ केरात, म्हणून दुसऱ्याच्या घड्याळावर माझा काडीचा विश्वास नाही.

दुकान एकच, खोल्या दोन. पुढच्या खोलीत हे चष्मे विकतात, मागच्या खोलीत मी पत्रिका बघते. जवळचं दिसत नसेल तर माझ्याकडे या, लांबचं बघायचं असेल तर आत जा, असं हे येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात. पहिल्या वर्षी मला हसू यायचं.

आमची एकुलती एक लेक भिंगरी. शाळेतलं नाव वेगळं आहे, पण पाय कधी जमिनीला टेकत नाही म्हणून हे नाव पडलं ते पडलंच. चौतीस वर्षांची झाली, आणि आता सहा महिन्यांसाठी अंतराळात निघाली होती. तिचं काम ताऱ्यांचं. यान वर गेलं की त्याला आपलं तोंड कुठे आहे हे कळायला स्थिर तारे लागतात. कॅमेरा ताऱ्यांचे फोटो काढतो आणि यादीशी ताडून बघतो. ती यादी चोख आहे की नाही हे भिंगरी तपासते. आईचा आणि तिचा धंदा एकच, फक्त तिला पगार वेळेवर मिळतो, असं हे म्हणतात.

त्या रविवारी ती दुपारी आली. दुसऱ्या दिवसापासून तीन आठवडे कोणाला भेटायचं नव्हतं, सर्दीपडसं वर नेऊन चालत नाही म्हणून. उड्डाण बघायला घरच्या दोघांना परवानगी होती, आणि तिने आमचे दोन पास टेबलावर ठेवले. यांनी आपला लगेच खिशात घातला. मी म्हटलं, माझी पाठ धरली आहे, एवढा प्रवास झेपायचा नाही.

पाठ ठणठणीत होती. भिंगरी दोन दिवसांची असताना मी तिची पत्रिका मांडली होती. तेव्हा माझं शिक्षण नुकतंच संपलेलं, अंगात उत्साह दांडगा. मांडली आणि काळजात धस्स झालं. शनी आठव्या घरात, मृत्यूच्या घरात, आणि बाकीचेही असे बसलेले की लांब जाणारी ही पोर परत यायची नाही. कागदाची घडी घातली, कपाटाच्या तळाशी टाकली आणि तोंडाला कुलूप लावलं. यांनाही सांगितलं नाही. पुन्हा उघडायचं धाडस झालं नाही. दुसऱ्यांच्या पत्रिका मी तीनतीनदा तपासते, पोटच्या पोरीची एकदाही नाही.

पण त्या कागदाने तिला छळलं बरं का. सहलीला सोडलं नाही, पोहायला घातलं नाही, कॉलेजला परगावी जाते म्हणाली तेव्हा मी चार दिवस जेवले नाही. तरी गेलीच. ती निवडली गेली त्या दिवशी सगळी गल्ली अभिनंदनाला आली, आणि मी आत जाऊन कपाटाला पाठ लावून बसले होते.

भिंगरी काही मूर्ख नाही. यांना चहा टाकायला धाडलं आणि समोर बसली. पाठीचं खोटं आहे हे तिला कळलं होतं. तिने सरळ पत्रिका मागितली. सगळ्या गावाचं भविष्य सांगतेस, माझंच कधी का सांगितलं नाहीस, म्हणाली. मी चिडले, उगाच आवाज चढवला. ती हलेना. शेवटी माझाच धीर सुटला आणि मी रडत रडत कागद काढून दिला.

तिने तो पातळ झालेला कागद नीट पसरला. घरं वगैरे तिला कळत नाहीत, पण खाली मी प्रत्येक ग्रहाचे अंश आणि नक्षत्र लिहिलेलं. ते फोनवरच्या त्या दिवसाच्या आकाशाशी ताडून बघता बघता तिच्या कपाळावर आठी आली.

"आई, माझा जन्म बारा जूनचा. मग सूर्य कृत्तिकेत कसा?"

मी म्हटलं, म्हणजे?

"सात-आठ जूनला सूर्य मृगात जातो हे शाळेतलं पोरही सांगेल. तू लिहिलाय तो मे महिन्यातला सूर्य आहे. सगळेच ग्रह चोवीस अंश मागे आहेत."

चोवीस अंश म्हटल्यावर आमच्या धंद्यातल्या माणसाला एकच गोष्ट आठवते. आकाश दोन रीतींनी मोजतात, एक ऋतूंवरून आणि एक स्थिर ताऱ्यांवरून, आणि दोन्हींत तेवढा फरक आहे. आम्ही ताऱ्यांवरून मोजतो. माझ्या गुरुजींची जुनी कोष्टकं ऋतूंची होती, म्हणून ते अंश वजा करायची सवय हाताला लागलेली. पण त्या वर्षी मी नवीन पंचांग घेतलं होतं, आणि त्यात ते आधीच वजा केलेले होते. मी ते पुन्हा वजा केले. ही चूक माझ्याकडे शिकणाऱ्या पोरींनी केली की मी त्यांना दिवसभर बोलते.

मी पेन उचललं. पाच मिनिटांचं काम होतं. भिंगरीने माझ्या हातावर हात ठेवला.

"आधी एक सांग. नवीन पत्रिकाही वाईट निघाली, तर येणार नाहीस?"

राग आला मला तिचा. मग स्वतःचा आला. चौतीस वर्षं मी त्या कागदाकडे बघत होते आणि ही माझ्या डोळ्यांदेखत मोठी झाली, हे मला तेव्हा, भर दुपारी, यांचा चहा उतू गेल्याचा वास येत असताना कळलं.

"येईन," मी म्हटलं. "कशीही निघू दे, मी येईन."

तिने हात काढून घेतला. मी पेन खाली ठेवलं. तिला सहलीला सोडलं नाही त्याबद्दल, पोहण्याबद्दल, सगळ्याबद्दल माफी मागितली. ती हसली. म्हणाली, सगळा वर्ग सहलीला जायचा तेव्हा मी रुसून गच्चीवर बसायचे, आणि तिथे दुसरं होतं काय, तारे पाठ केले. सहलीला गेले असते तर आज चष्मे विकत असते. आतून हे ओरडले, चष्म्यांना काय झालं?

उड्डाण सकाळचं होतं. आम्ही दोघं कुंपणापाशी उभे होतो, यांनी नवीन दुर्बीण आणलेली आणि मला द्यायला तयार नव्हते. पर्समध्ये वही होती, पेन होतं, मनगटावर घड्याळ होतं. खालून धूर उसळला, मग आवाज आला आणि छातीत शिरला. मी यांचा दंड घट्ट धरला. भिंगरी वर गेली, आणखी वर गेली, आणि तिथे आता एक ठिपकाच राहिला. मी खूप रडले आणि खूप खूश होते.

कुंपणापाशी आमच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंचा मुलगाही त्याच यानात होता. माझा धंदा त्यांना यांनी आधीच सांगून ठेवलेला. डोळे पुसून त्यांनी विचारलं, नक्की किती वाजता सुटलं हो, सेकंदासकट?

मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी तिच्याकडे बघत होते.