न आलेली शिंक

माझं झाकण आता नीट लागत नाही, मित्रांनो. निळा रंग उन्हानं विटलाय आणि एका कोपऱ्यातून आतला फोम डोकावतो. कोंबड्यांच्या लशी गावोगाव नेणारी जुनी बर्फाची पेटी, ती मी. हातकणंगल्याच्या बाजूला एका वस्तीवर, अंजनाच्या परसात जांभळाखाली पडून आहे. मी इथं कशी आले ते सांगते. ऐकताना एका गोष्टीकडे कान ठेवा. शिंकेकडे.

नव्वदीच्या मध्यावर एका कारखान्यात मी साच्यातून बाहेर पडले आणि कसबा बावड्यातल्या एका लहानशा प्रयोगशाळेत आले. तिथून एसटीनं मी सगळा मुलूख हिंडले, तोही माणसांच्या मांडीवर बसून. कंडक्टर कुरकुरायचा, "पावणं, डबा खाली ठेवा की." मला नेणारा म्हणायचा, "डबा न्हवं, जीव हाय त्यात!" तेव्हा मला कोण ऐट यायची!

माझ्यात मानमोडीची लस असायची. मानमोडी हा कोंबड्यांचा विषाणूचा रोग. मान पिळवटते, पंख लोंबतात, हिरवी हगवण लागते आणि बघता बघता खुराडं ओस पडतं. लशीत त्याच जातीचा, पण दुबळा केलेला विषाणू असतो. त्याचा थेंब नाकात टाकला की कोंबडी चार दिवस शिंकते, जरा मलूल होते आणि सावरते. बायका त्या शिंकांना भ्यायच्या आणि आम्हाला बोल लावायच्या. तरी पुढच्या खेपेला चहा ठरलेला असायचा.

नवं शतक लागलं आणि प्रयोगशाळेत डॉक्टर दीप्ती आली. हुशार, जीव लावणारी पोर, पण कुणाला 'नाही' म्हणायचं तर जीभ जड व्हायची. तिनं माझ्यात लशीशेजारी दुसरी एक कुपी ठेवली. त्यात इंटरफेरॉन नावाचं प्रथिन होतं. अंगात विषाणू शिरला की पेशी एकमेकींना सावध करायला असली प्रथिनं सोडतात. तेच प्रथिन लशीबरोबर बेतानं दिलं, तर कोंबडीचं अंग जास्त जोमानं तयार होईल, असा दीप्तीचा प्रयोग होता. प्रयोगशाळेतल्या खुराड्यात तो जमलाही होता. आता खरी परीक्षा वस्तीवर होती.

त्या दिवशी आधी पिराजीच्या परसात काम झालं. मापात प्रथिन, मापात लस, प्रत्येकीच्या नाकात एक थेंब. शेजारच्या अंजनाची तांबडी कोंबडी सदा पिराजीच्या उकिरड्यावर चरायची. तीही त्यातच धरली गेली आणि तिलाही मापातला थेंब मिळाला. मग आम्ही अंजनाच्या दारात आलो.

दीप्तीनं लशीत प्रथिनाचं माप घातलं आणि उरलेली कुपी बाजूला ठेवली. अंजनाचं लक्ष तिकडेच होतं.

"उरलंय की बाई त्यात."

"ते टाकायचं असतं. मापातच घालायचं."

"माझ्या दारात यिऊन टाकून देताय व्हय? आवं, पावण्याला एक भाकरी वाढून आमी ताट उचलत न्हाय! घाला की सगळं. औंदा माझ्या पोरीला, साक्षीला, नर्सिंगला घालायची हाय, ती ह्या कोंबड्यांच्याच जिवावर."

दीप्ती नको नको म्हणाली. अंजनानं तिचा हात धरला, चहा पुढं केला, पदरात अंडी बांधली. आपल्याकडचा आग्रह तुम्हाला ठाऊकच आहे. पाहुणा हरल्याशिवाय तो थांबत नाही. चांगलंच तर औषध आहे, जास्त झालं तर काय बिघडणार, असं दीप्तीच्या मनात आलं असावं. कुपी लशीत तिरकी झाली आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी झाली. माझ्या पोटात बर्फ होता, तरी त्या क्षणाला मला वेगळीच थंडी वाजली.

आठवड्यानं आम्ही पुन्हा गेलो. पिराजी वैतागला होता. "चार दिस नुसत्या फुर्रफुर्र शिंकत हुत्या! आता कुठं थांबल्यात." अंजना मात्र खुशीत होती.

"माझी एक बी शिंकली न्हाय बघा! औषध लागलं म्हंत्यात ते असं."

दीप्ती हसली. हसता हसता माझ्या झाकणावरचा तिचा हात थबकला. परसात खरंच शांतता होती. तेवढ्यात कोपऱ्यातून एक शिंक आली.

"त्यो कोंबडा नवा हाय," अंजना म्हणाली. "चार दिस झालं, बाजारातनं आणलाय. जरा पडसं हाय त्याला."

कोंबड्याची मान किंचित कललेली होती.

संध्याकाळी दीप्तीनं गणपतराव सरांना सगळं सांगितलं. सर प्रयोगशाळेचे प्रमुख, तरुणपणी तालमीत कुस्ती खेळलेले. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"दीप्ती, लशीतला विषाणू म्हणजे तालमीतला जोडीदार. त्याच्याशी झटापट झाली तरच पोरगं तयार होतं. तुझं प्रथिन म्हणजे वस्ताद. त्यानं कडेनं ओरडायचं. तोच हौद्यातल्या मातीत उतरला आणि जोडीदाराला उचलून बाहेर फेकलं, तर पोरगं काय शिकणार? त्या कोंबड्या शिंकल्या नाहीत, कारण त्या लढल्याच नाहीत. उद्याच जा. परत लस दे."

आम्ही पहिल्या एसटीनं गेलो. तोवर कोंबडा मेला होता आणि सहा-सात कोंबड्यांनी मान टाकली होती. बाकीच्यांना दीप्तीनं लस दिली, पण वेळ निघून गेली होती. पुढच्या काही दिवसांत खुराडं ओस पडलं. पिराजीच्या कोंबड्या कुंपणापलीकडं तशाच चरत होत्या. त्यांच्यात अंजनाची तांबडी होती. अंजनाची तेवढी एकच वाचली.

मेलेल्या कोंबड्यांचा खड्डा बुजवून झाल्यावर दीप्ती म्हणाली, "माप मी मोडलं, अंजनाताई. म्हणून त्या शिंकल्या नाहीत."

"आग्रह मी केलता," अंजना म्हणाली आणि रडायला लागली. साक्षी दारात उभी होती. ती त्या वर्षी नर्सिंगला गेली नाही, उसातलं तण काढायला, भांगलायला गेली.

दीप्ती मटकन माझ्यावर बसली आणि माझं बिजागर तुटलं. थंडी धरून ठेवता येत नाही त्या पेटीला कोण नेणार? मी इथंच राहिले. किती तरी दिवस मला कुणी हात लावला नाही. मग एक दिवस तांबडी माझ्यात येऊन बसली. ज्या पोटात मी बर्फ जपला, त्यात तिनं ऊब जपली, आणि पिल्लं निघाली.

मित्रांनो, मदत करणारी गोष्टसुद्धा मापातच द्या. कुणी कितीही गोड बोलून जास्त मागितलं, तरी हात आवरा. आणि सगळं फारच सुरळीत दिसलं, तर एकदा थांबून कान द्या.

पिल्लं थोडी मोठी झाल्यावर दीप्ती नवी पेटी घेऊन आली. अंजनानं एकेक पिल्लू तिच्यापुढं धरलं. "मापातलंच, बाई. मी काय बी म्हटलं तरी ऐकू नका." त्यानंतर रोज अंजना माझ्याशेजारी येऊन कान देऊन नुसती बसायची. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिचा चेहरा मला बघवत नव्हता.

तिसऱ्या दिवशी माझ्या तुटक्या झाकणाखालून फुर्रकन एक बारीकशी शिंक आली.

"साक्षे!" अंजना ओरडली, "शिंकलं गं, शिंकलं!"