बीजानंद महाराजांचे सोनेरी अंकुर

दादरच्या त्या हॉलमध्ये लग्नालाही जमत नाही एवढी गर्दी होती. फरक एवढाच, की इथे कुणी नटून आलं नव्हतं. कुणाच्या बोडक्या डोक्याला स्कार्फ, कुणाच्या नाकात नळी, कुणाला दोन्ही बाजूंनी धरून आणलेलं. परळची मोठमोठी हॉस्पिटलं हाकेच्या अंतरावर, आणि तिथल्या फायली काखेत मारून ही माणसं घटस्थापनेच्या सकाळी इथे रांगेत उभी होती.

स्टेजवर हिरव्या रेशमी कफनीतले बीजानंद महाराज. समोर टेबलावर बटाट्यांची टोपली. होय, बटाट्यांची. प्रत्येकाने घरून एक बटाटा आणायचा, आजाऱ्याच्या अंगावरून तो उतरवायचा आणि महाराजांच्या हाती द्यायचा. महाराज तो चिरायचे, काचेच्या सुरईतलं ‘चंद्रजल’ त्यावर ओतायचे, आणि फोडीवर पांढराशुभ्र फेस फसफसून वर यायचा.

“निघाली! बाधा निघाली!” महाराज माइकमध्ये ओरडायचे. “एमआरआयला दिसत नाही ती ही बाधा! सायन्स जिथे थकतं ना माउली, तिथून आपलं क्वांटम बीजविज्ञान सुरू होतं!”

हॉल टाळ्यांनी दणाणायचा. माझ्या शेजारी गिरगावहून आलेली पर्पेच्युआ नावाची बाई बसली होती. गळ्यात क्रूस, पायाला डायबेटिसची न भरणारी जखम. ती मला कौतुकाने म्हणाली, “माझ्या जखमेवर पण त्यांनी ते पाणी टाकलं. असाच फेस आला, कितीतरी घाण निघाली. आता इन्शुलिन बंद केलंय मी.”

मला शिसारी आली. बाईची नव्हे, त्या कफनीची. आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं मी. तो फेस बघताक्षणी मला कळलं की सुरईत काय आहे. पण उठून बोलायची सोय नव्हती, कारण माझ्या दुसऱ्या बाजूला माझी धाकटी बहीण दर्शना बसली होती, आणि ती हात जोडून रडत होती.

दर्शनाला स्तनाचा कॅन्सर. अर्धी केमो झालेली. केस गेले, तोंड आलं, जेवण नको झालं, आणि त्यातच तिचा नवरा पुष्कर ऑफिसातल्या कुणाच्या तरी नादाने या महाराजांना भेटला. पुष्कर बँकेत मोठा अधिकारी, कर्जाच्या अर्जातली एक खोटी सही लांबून ओळखणारा माणूस. पण बायको रोज वाळत चाललेली बघून त्याची मती गुंग झाली होती. एक डोस महाराजांच्या सांगण्यावरून दोघांनी आधीच चुकवला होता. दसरा झाला की पुढचा होता, आणि तो घ्यायचा की नाही हे या हॉलमधली एक परडी ठरवणार होती.

परडीचं सांगते. आपल्याकडे नवरात्रात घट बसतो. परडीत माती, मातीत धान्य, मध्ये पाण्याचा घट, आणि रोज एक माळ. धान किती उगवलं त्यावरून आमची आई म्हणायची, “यंदा घर भरभराटीला येणार हो!” निरुपद्रवी हौस होती ती. या भामट्याने नेमकी तीच धरली. प्रत्येक आजाऱ्याच्या नावाची परडी हॉलमधल्या पडद्यामागच्या ‘गर्भगृहात’ ठेवायची, बियाणं चंद्रजलात भिजवायचं, वर मंत्र म्हणत ‘बीजतीर्थ’ शिंपडायचं. सातव्या माळेला पडदा उघडायचा. ज्याचे अंकुर वीतभर, त्याचं ‘प्राणबीज’ जागं झालं. मग औषधाची गरज नाही.

“पद्मजाताई, तुम्हीही एक परडी ठेवा,” पुष्कर म्हणाला. “गुडघे दुखतात ना तुमचे?”

“माझ्या गुडघ्यांचं मी बघते, पुष्कर.” पण सेवेकरी समोर येऊन उभाच राहिला. कुणाच्या नावाने, विचारू लागला. माझं डोकं सणकलं होतं. म्हटलं, “लिही, हेमचंद्र.”

“आजार काय, ताई?”

“काही खात नाहीत, बोलत नाहीत, जागचे हलत नाहीत.”

त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि चिठ्ठी परडीला अडकवली. दर्शनाने चमकून माझ्याकडे पाहिलं. हेमचंद्र हे आमच्या वडिलांचं नाव.

घरी न्यायला प्रत्येकाला बीजतीर्थाची एक बाटली दिली होती. माझ्या गॅलरीत मी दोन वाट्यांत एकाच पुडीतले गहू पेरले. एकीवर नळाचं पाणी, दुसरीवर बीजतीर्थ. मंत्र कुठल्याच वाटीवर नाही. उलट तीर्थाच्या वाटीसमोर मी रोज महाराजांना मनसोक्त शिव्या घातल्या.

सातव्या माळेला हॉल पुन्हा तुडुंब. पडदा बाजूला झाला आणि खरंच, क्षणभर मीही बघतच राहिले. ओळीने मांडलेल्या परड्यांत सोनेरी, उंच, सडसडीत अंकुर. बायकांनी गालावर हात मारून घेतले. दर्शनाच्या परडीतले तर वीतभराहून उंच.

“दर्शना माउली!” महाराजांनी परडी डोक्यावर धरली. “प्राणबीज जागं झालं! शरीर आतून हिरवं झालं! आता ते विषारी सलाइन हवंय कशाला?”

दर्शना हुंदके देत होती. पुष्करने तिचा हात घट्ट धरला होता. त्याच्या चेहऱ्यावरचा तो सुटकेचा भाव बघून मला त्याचा राग येईना.

“हेमचंद्र! हेमचंद्रांचं कोण आहे?”

मी पर्स आणि पिशवी घेऊन उठले आणि सरळ स्टेजवर गेले.

“बघा, माई! वीतभर! वडील का? महिन्याभरात शिवाजी पार्कला फेऱ्या मारतील!”

“मारल्या तर पेढे वाटीन, महाराज,” मी त्यांच्याच माइकमध्ये म्हणाले. “त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. शिवाजी पार्कच्याच स्मशानात दिलाय अग्नी.”

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराज मात्र मुरलेले. दोन्ही हात वर करून म्हणाले, “आत्म्याला मरण नसतं, माई! वडील कुठेतरी नव्या देहात रुजतायत!” आणि काय सांगू, टाळ्या पडल्या. अहो, खरंच पडल्या.

“बरं,” म्हटलं, “मग माझी बाधा तेवढी काढा.” मी पर्समधून बटाटा काढला, अंगावरून उतरवला आणि दिला. त्यांनी चिरला. सुरी जरा फारच सहज गेली, पण तोवर चंद्रजल ओतून झालं होतं. फेस नाही. एक बुडबुडा नाही.

“शुद्ध आत्मा!” महाराज गरजले. “या माईंच्या अंगात बाधाच नाही!”

“आत्मा शुद्ध असेल-नसेल, बटाटा उकडलेला आहे.” मी दुसरा काढला. “हा कच्चा. आत्ताच भाजीवाल्याकडून घेतला, कुणाच्याही अंगावरून उतरवलेला नाही. याच्यावर ओता.”

त्यांनी सुरई मागे घेतली. मी ती ओढून घेतली, बटाट्याचे दोन तुकडे केले आणि ओतलं. फस्स! फेस टेबलावर सांडला.

“बाधा भाजीवाल्याला झालीय वाटतं,” मी म्हणाले. सेवेकऱ्याने माइक काढून घेतला. घेऊ दे. वर्गात मला कधी माइक लागला नाही.

“हे चंद्रजल म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. केमिस्टकडे मिळतं. कच्च्या बटाट्यात, आपल्या रक्तात, जखमेत एक द्रव्य असतं, ते याला फोडून ऑक्सिजन मोकळा करतं. तोच फेस. बटाटा उकडला की ते द्रव्य निकामी होतं. पर्पेच्युआबाई, तुमच्या पायातून घाण नाही निघाली. तुमच्या रक्ताने फेस केला. घरी जा आणि डॉक्टरला विचारून इन्शुलिन सुरू करा!”

“मग अंकुर? अंकुरांचं काय?” गर्दीतून एक आजोबा रागाने ओरडले. रास्त प्रश्न होता.

मी पिशवीतून दोन्ही वाट्या काढल्या. एकीत चार बोटं उंच, हिरवेगार, ताठ गहू. दुसरीत वीतभर उंच, फिकट, एकमेकांच्या अंगावर कलंडलेले.

“ही उंच वाटी बीजतीर्थाची. मंत्राऐवजी शिव्या ऐकून वाढलीय. आजोबा, बी कोरडं असतं तेव्हा त्यात एक संप्रेरक असतं, ते सांगतं, झोपून राहा. पाणी मिळालं की बी स्वतःच थोडासा तिखट, क्रियाशील ऑक्सिजन तयार करतं, या पेरॉक्साइडच्याच जातीचा. त्याने टरफल सैल पडतं, झोपेचं संप्रेरक ओसरतं आणि दुसरं कामाला लागतं, जिबरेलिन. ते खोडाला सांगतं, लांब हो. महाराजांनी दोन्ही कामं बाहेरून केली. पेरॉक्साइडमध्ये भिजवून बी लवकर जागं केलं आणि वरून जिबरेलिन शिंपडलं. नाशिकचा कुठलाही द्राक्ष बागाईतदार ओळखेल, घड लांबवायला मारतात ते. शेतीच्या दुकानात पुडी मिळते.”

“आणि सोनेरी रंग?” आजोबांनी विचारलं.

“पडद्यामागे उजेड नाही, म्हणून हिरवं झालंच नाही. अंधारात रोप उजेड शोधत जिवाच्या आकांताने लांबतं. उपासमार आहे ती. पेरॉक्साइड जरा जास्त झालं असतं ना, तर तोच ऑक्सिजन बी जाळून बसला असता. सगळा खेळ मात्रेचा. रोपाला ती मात्रा कळते. या माणसाला फक्त गर्दी कळते.”

मग मी दर्शनाकडे वळले. हे तिच्या तोंडावर, इतक्या लोकांत बोलावं लागलं याची चीड मला अजून आहे. “दर्शू, उंच वाढणं म्हणजे बरं होणं नव्हे गं. थांब म्हटलेलं ऐकत नाही अशी वाढ, तोच तर तुझा आजार आहे. केमो त्या वाढीला थांबवायला आहे.”

ती उठली. पुष्करचा हात सोडवून घेऊन हळूहळू स्टेजपाशी आली. डोक्यावरचा स्कार्फ मागे सरकला होता, तो तिने सावरलाही नाही.

“महाराज,” ती म्हणाली, “ताई हुशार आहे, मला एवढं कळत नाही. तुम्ही फक्त एक सांगा. सोमवारची केमो मी घेऊ नको ना? इथे सगळे फोनवर शूटिंग करतायत. सगळ्यांसमोर सांगा. तुम्ही सांगाल ते मी करीन.”

खरंच, पन्नासएक मोबाइल वर होते. महाराजांनी ते पाहिले. ओठ ओले केले. “माउली, आम्ही मार्ग दाखवतो. निर्णय ज्याचा त्याचा असतो. औषध बंद करा असं आम्ही कधीच म्हणत नाही.”

“आत्ता म्हणालात! मागच्या महिन्यात पुष्करला म्हणालात!”

“आम्ही आध्यात्मिक अर्थाने म्हणालो.”

माझी बहीण त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी तिच्या डोळ्यांत बघितलंसुद्धा नाही, सेवेकऱ्याला दिवे बंद करायची खूण केली. थू! इतका हलकट भित्रेपणा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तिचा जीव पणाला लावायला हा तयार होता, पण स्वतःचं एक वाक्य पणाला लावायला तयार नव्हता.

दर्शना वळली आणि पुष्करला म्हणाली, “चल. टॅक्सी बोलाव. सोमवारपर्यंत थांबायचं नाही, आजच डॉक्टरांना भेटू.” पुष्कर मान खाली घालून तिच्यामागून गेला.

आम्ही पोलिसात तक्रार केली, जादूटोणाविरोधी कायदा आहेच. महाराज त्याच संध्याकाळी हॉल रिकामा करून पसार. काही भक्तांनी मला फोन करून शिव्या दिल्या, आमचा आधार काढून घेतलात म्हणाले. त्यांचं दुःख मला कळतं. पण खोट्या आधारावर भार टाकला की माणूस जास्त जोरात पडतं, आणि पडतं ते आजारी माणूस, महाराज नव्हे.

दर्शनाची केमो सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, चुकलेल्या डोसच्या काळात गाठ थोडी वाढली होती. “ती बरी होईल ना?” पुष्करने विचारलं. त्या म्हणाल्या, “आम्ही पूर्ण प्रयत्न करू. खात्री मी देऊ शकत नाही.” पुष्कर कोसळल्यासारखा बाकावर बसला. दर्शना मात्र मला म्हणाली, “ताई, कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला खरं बोललं.”

म्हणून वाचकहो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी आजारपण असेल, हताश झाला असाल, आणि कुणी फेस दाखवील, अंकुर दाखवील, आणखी काही दाखवील. आश्चर्य जरूर वाटू द्या, पण हात जोडण्याआधी प्रश्न विचारा. हेच दुसऱ्या कुणी केलं तर होईल का? आजाऱ्याचं नाव न घेता होईल का? करून बघा, त्याला दोन वाट्या आणि मूठभर गहू पुरतात. आणि जो म्हणेल औषध बंद करा, त्याला म्हणावं, हे चार माणसांत, कॅमेऱ्यासमोर, स्वतःचं नाव सांगून म्हण. तो तोंड चुकवील. तेव्हा आजाऱ्याला उठवा आणि दवाखान्यात घेऊन जा.