अर्थिंगचा खड्डा

पहिला ठोसा कानशिलावर बसला तेव्हा वायरमनच्या हातात पक्कड होती. ती सुटली नाही. चाळीस वर्षं शिडीवर काढलेला माणूस. पडताना आधी हत्यार सांभाळायचं, ही सवय. तो पोर्चच्या भिंतीवर आपटला आणि सॉकेटमधून त्यानं नुकताच तोडलेला बोटभर तारेचा तुकडा पायाशी पडला. भिंतीवरच्या चार्जरला हिरव्याऐवजी लाल दिवा लागला होता.

"कुणी सांगितलं होतं हात घालायला?" त्याच्या मुलानं बापाची कॉलर धरली. "साडेआठला कंपनीच्या गेटवर पोचायचंय मला. चार माणसं वाट बघतायत."

"ती तार तू जोडलीस?"

"हो, मीच. व्हिडिओ बघून. पंधरा मिनिटांत लाल दिवा गेला. तुम्ही असतात तर पंधरा दिवस लावले असते."

मुलानं विजेवरची गाडी घेतली, त्याला महिनाही झाला नव्हता. जुनीच गाडी, पण ऑफिसातल्या लोकांची ने-आण करायला पुरेशी. घरी चार्जर कुठला बसवायचा यावरून बापलेकांत आठ दिवस धुसफूस चालली होती. वायरमनचं म्हणणं, रात्रभरात गाडी भरेल असा लहान घे आणि उरलेले पैसे वायरिंगला लाव. मुलानं त्याला न विचारता कुठल्याशा अनोळखी कंपनीचा आणला. दिसायला मोठ्यासारखा, किमतीला लहानासारखा. "खेळणं आणलंस," वायरमन म्हणाला होता. तेवढ्यावरून मुलानं त्याला बोर्डाला हात लावू दिला नाही.

आणि आज सकाळी सून अनवाणी पायांनी, ओल्या फडक्यानं गाडी पुसत होती, तेव्हा तिच्या हाताला कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो हसला असता, म्हणून तिनं सासऱ्याला सांगितलं. वायरमननं मेन बंद करून सॉकेट उघडलं, आत न्यूट्रल आणि अर्थिंगच्या पिना जोडणारी ती तार बघताच पकडीनं तोडली आणि मेन पुन्हा लावला.

"बाजूला व्हा," मुलगा म्हणाला. तुकडा उचलून तो सॉकेटकडे वळला.

वायरमन आडवा आला. "नाही."

दुसरा ठोसा तोंडावर बसला. तिसरा बरगडीत. मुलानं त्याला दोन्ही खांद्यांना धरून मीटरच्या पेटीवर आदळलं. पत्रा वाजला, भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं. कायम 'तुम्ही' म्हणणाऱ्या तोंडातून आता 'तू' निघत होता.

"तू मला शिकवणार? तुझ्या पकडीनं मोडलेलं बोट अजून वाकडं आहे माझं."

ते खरं होतं. वायरमननं पोराला काम शिकवलं ते मारून. तार चुकीची धरली की बोटांवर पक्कड, स्क्रू सैल राहिला की मानेवर फटका. बोट मोडलं तेव्हा पोर नऊ वर्षांचं होतं. 'करंट माफ करत नाही, मग मी का करू?' हे वाक्य वायरमन चारचौघांत अभिमानानं सांगायचा. पोरानं मोठं होताच पक्कड टाकली आणि स्टेअरिंग धरलं. त्याचं कारण वायरमननं कधी विचारलं नाही.

आता तो मार खात होता. हात वर करत नव्हता. पण बोर्डापुढून हलतही नव्हता.

"अहो, मरतील ते," सून मध्ये घुसली. नवऱ्याचा हात हिसडून ती म्हणाली, "आणि माझ्या हाताला झिणझिण्या आल्या त्या काय मला स्वप्नात आल्या?"

मुलगा थांबला. धापा टाकत तिच्याकडे बघत राहिला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

वायरमन भिंतीला टेकून खाली बसला. रक्त थुंकून म्हणाला, "घाल तार परत. घाल. मग मी सांगतो तेवढं एकदा कर, आणि खुशाल जा."

मुलानं मेन पाडून तार जोडली, मेन लावला. हिरवा दिवा लागला. वायरमननं उठून मेन पाडला, बोर्डातला न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेचा, स्क्रू सैल केला, ती तार बाजूला सारली आणि मेन पुन्हा लावला.

"हा स्क्रू तीस वर्षांचा आहे. गंज चढलाय. कधीतरी आपणहून सुटेल. सुटला असं समज." त्यानं टेस्टर पुढे केला. "गाडीच्या दाराची बिजागरी. फक्त टेस्टर लाव, दुसरा हात खिशात."

मुलानं टेस्टर टेकवला. आतला दिवा लख्ख पेटला.

सून आपल्या अनवाणी पायांकडे बघत होती.

वायरमननं मेन पाडला. "घराला अर्थिंग नाही म्हणून चार्जर लाल दाखवत होता. गळलेली वीज जमिनीत जायला वाट पाहिजे. तू त्याला तारेचा तुकडा देऊन खोटं सांगितलंस, की वाट आहे म्हणून. न्यूट्रल सैल झाला की परतीची वीज त्याच तुकड्यातून गाडीच्या पत्र्यावर येते."

"घराचं वायरिंग तुम्हीच केलेलं," मुलगा हळूच म्हणाला.

"हो. जमिनीत पुरलेली अर्थिंगची प्लेट कुजली असणार. गावभर लोकांची अर्थिंगं तपासत फिरलो, इथल्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतायचं राहिलं." त्यानं भुवईवरचं रक्त बाहीनं पुसलं. "चार्जर तू बरा निवडलास. स्वस्त असून खरं बोलला. मी उगाच नावं ठेवली."

मुलानं फोन काढला, आज गाडी येणार नाही म्हणून कळवलं आणि पहार घेतली.

दुपारपर्यंत खड्डा झाला. कोळसा, मीठ आलं. आठ फुटी लोखंडी पाइप उभा करून तो घणानं ठोकायचा होता, आणि कुणीतरी तो धरायचा होता. सून पुढे झाली. वायरमननं तिला मागे सारलं आणि स्वतः स्टुलाशेजारी उभ्या केलेल्या पाइपाला मिठी घातली. एक डोळा पूर्ण सुजून मिटला होता. बरगडी श्वासागणिक टोचत होती. मुलगा घण उचलून स्टुलावर उभा राहिला आणि क्षणभर तसाच राहिला.

"मार," वायरमन म्हणाला. "नजर पाइपावर ठेव. घाई नाही."

घण पडत गेला. प्रत्येक घावाबरोबर हादरा वायरमनच्या दातांपर्यंत जात होता. एक घाव पाइपाच्या कडेवरून घसरला आणि त्याच्या कानाजवळून गेला. जुना वायरमन असता तर शिवी आणि मुस्काटात आलीच असती. तो फक्त म्हणाला, "घामानं दांडा निसटतोय. हात पूस."

पाइप वीतभर उरला. भोवती कोळसा-मीठ भरून वरून बादलीभर पाणी ओतलं. जाड तार पाइपापासून सॉकेटपर्यंत आली, न्यूट्रलचा नवा स्क्रू बसला. मुलगा उकिडवा बसून सॉकेटची शेवटची पिन आवळत होता. मेन त्याच्या डोक्याच्या वर, भिंतीवर होता. वायरमननं तो लावायला उजवा हात उचलला.

मुलाला डोळ्याच्या कोपऱ्यातून तो हात वर जाताना दिसला. त्याचे दोन्ही कोपर आपोआप डोक्यावर आले, मान खांद्यांत गेली, डोळे मिटले. चाळिशीचा माणूस तसाच आवळून बसला.

वायरमनचा हात हवेतच राहिला. मग त्यानं तो हळूहळू, मुलाला पूर्ण दिसेल असा, खाली घेतला आणि दोन पावलं मागे सरकला.

"तू लाव," तो म्हणाला. "मी इथून बघतो."