ज्याचा फोटो त्याच्या हातात

मनोहररावांनी मिटलेली छत्री डोक्यावर उंच धरली आणि माणसं मोजली. सहा. मग उलटीकडून मोजली. तरी सहाच. मेलबॉक्सच्या रांगेपाशी उभी असलेली सहा माणसं दोनदा मोजावीत असं त्यात काही नव्हतं. पण टूर मॅनेजर म्हणून पंचवीस वर्षं बसच्या दारात उभं राहून त्यांनी चाळीस-चाळीस डोकी मोजली होती, आणि जित्याची खोड कशी असते ते सगळ्यांना ठाऊकच आहे.

"मंडळी, आज पहिला दिवस. पारोचा विमानतळ," छत्रीने पार्किंग लॉट दाखवत ते म्हणाले. "दोन्ही बाजूंना डोंगर. विमान इतकं खाली येतं की छपरांवर वाळत घातलेल्या लाल मिरच्या दिसतात."

सहाही जणांनी पार्किंग लॉटकडे पाहिलं. दोन टोयोटा होत्या आणि एक कचऱ्याचा ट्रक मागे मागे येत पींपीं करत होता.

"दिसल्या," सुमित्राताई म्हणाल्या.

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या त्या कॉम्प्लेक्सला फाटक नव्हतं, वॉचमन नव्हता, कुणी कुणाला अडवत नव्हतं, आणि तरीही तिथून बाहेर पडता येत नव्हतं. वळणापाशी फुटपाथ संपायचा आणि पुढे नुसता रस्ता, त्यावरून गाड्या अशा सुसाट जायच्या की पाय टाकायची छाती होऊ नये. मुलं-सुना लॅपटॉप उघडून मीटिंगमध्ये बसल्या, नातवंडं शाळेत गेली, की हे आईवडील खाली उतरायचे आणि तळ्याभोवती फिरायचे. एका फेरीला अकरा मिनिटं लागायची. ऑगस्टमध्ये एकदा रवींद्र काळे, जे भूमापन खात्यातून निवृत्त झाले होते आणि ज्यांना कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय चैन पडत नसे, म्हणाले होते, "मनोहरराव, तुम्ही लोकांना एवढं जग दाखवलंत. आम्हाला काय हे तळंच दाखवणार?"

तिथून ही कल्पना निघाली. सात दिवसांची सहल, भूतानची. खोरी, मठ, किल्ले, सगळं. स्पीडब्रेकर म्हणजे डोचुलाची खिंड. क्लबहाऊस म्हणजे पुनाखाचा किल्ला, दोन नद्यांच्या संगमावरचा. चौदा नंबरच्या बिल्डिंगचे तीन जिने म्हणजे कड्यावरचा तक्तसांगचा मठ. दुधाची तहान ताकावर. पण ताक तरी नीट घुसळलेलं असावं, असा मनोहररावांचा बाणा. त्यामुळे नियम सगळे खरे. आठला उठायचं, नऊला नाश्ता, दहाला मेलबॉक्सपाशी हजर. बसमध्ये रोज सीट बदलते तशी चालायची जोडी रोज बदलायची, नवराबायकोंनी एकमेकांना चिकटून बसायचं नाही. आणि पासपोर्ट मॅनेजरकडे जमा.

"भूतानला आपल्याला पासपोर्ट लागत नाही," रवींद्र लगेच म्हणाले. "मतदार ओळखपत्र चालतं."

"भारतातून गेलात तर. आपण अमेरिकेतून निघालोय."

हा विनोद होता, आणि तो विनोद म्हणूनच संपला असता. पण त्या संध्याकाळी सहा जण आपापल्या घरी गेले आणि पासपोर्ट कुठे आहे ते एकालाही सांगता येईना. तो मुलाकडे होता, सुनेकडे होता, कुठल्याशा फाइलमध्ये होता, आकडे फिरवून उघडायच्या पेटीत होता. 'सेफ ठेवलाय' हे उत्तर मात्र सगळ्यांना एकसारखंच मिळालं. काळ्यांच्या मुलाने हसत हसत दोन्ही पासपोर्ट काढून दिले. नागपूरच्या मोहनरावांनी तासभर वाद घालून मिळवला. इंदूरच्या जोडप्याच्या मुलाने हातावर झेरॉक्स ठेवली. सुमित्राताईंची मुलगी नीलांबरी जरा घुटमळली, पण जावई म्हणाला, "अगं दे ना, खेळू दे त्यांना."

मनोहररावांनी केदारला विचारलं तेव्हा तो कॉलवर होता. माइक बंद करून म्हणाला, "बाबा, तुमचा फाइलमध्ये आहे. कशाला हवाय? उगाच हरवला तर केवढी कटकट."

"नको, राहू दे," ते म्हणाले.

त्यांच्या जुन्या निळ्या पाऊचमध्ये सगळ्यांत वर मॅनेजरचा स्वतःचा पासपोर्ट असे. या वेळी चार पासपोर्ट होते, दोन झेरॉक्स होत्या आणि वरची जागा मोकळी होती. त्यांनी चेन ओढून पाऊच कमरेला बांधला. वाईट वाटलं, पण ते कुणाला सांगायचं? पुण्याचा फ्लॅट दोन वर्षांपूर्वी विकला होता. बायको त्याच्याही आधी गेली होती. केदार म्हणायचा, "बाबा, आता इथेच," आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

पाचव्या दिवशी फोबजिखाचं खोरं होतं, म्हणजे तळं.

"इथे हिवाळ्यात तिबेटातून काळ्या मानेचे करकोचे येतात," मनोहरराव छत्री फिरवत म्हणाले. "मठावर तीन घिरट्या घालतात, मगच उतरतात. जातानाही तीन घिरट्या. तिथली माणसं सांगतात, मी पाहिल्या नाहीत."

तळ्याकाठी मोठमोठे कॅनडा गूज हंस माना वाकड्या करून गवत तोडत होते.

"यांचीही मान काळीच आहे," रवींद्र म्हणाले. "हे पण पूर्वी थंडीत दक्षिणेला जायचे, मी वाचलंय. आता जातच नाहीत. इथेच खातात, इथेच घाण करतात."

"म्हणजे ग्रीन कार्ड झालं यांचं," मृणालिनीबाई काळे म्हणाल्या, आणि सगळे पोट धरून हसले.

सुमित्राताई हसल्या नाहीत. त्या मागे राहिल्या. मॅनेजरने शेवटच्या माणसाबरोबर चालायचं असतं, म्हणून मनोहररावही मागे राहिले.

"पासपोर्ट कधी परत देता?" त्यांनी विचारलं.

"सातव्या दिवशी. रविवारी."

"मला शनिवारी द्याल? शनिवारी संध्याकाळचं तिकीट आहे. वाईच्या भाच्याने काढून ठेवलंय."

मनोहररावांनी छत्री खाली घेतली. "तिकडे कुणाचं काही...?"

"कुणाचं काही नाही. कुणी आजारी नाही, कुणी गेलं नाही. म्हणून तर कुणी पाठवत नाही." त्या तळ्याकडे बघत राहिल्या. "सहा महिन्यांसाठी आले होते. मग मुक्काम वाढवायचा अर्ज केला. आता पुन्हा एक केलाय त्यांनी. नीलू वाईट नाही हो. बाळ लहान आहे, तिला कुणी नाही. पण मला घरी जायचंय. माझ्या दाराला माझ्या हाताने कडी लावायची आहे. एवढं कारण पुरत नाही का?"

"नीलांबरीला सांगितलंत?"

"उद्या सांगते. आधी सांगितलं असतं तर पासपोर्ट मिळाला नसता."

मनोहररावांना एकदम कळलं की पहिल्या दिवशी लाल मिरच्या फक्त यांनाच का दिसल्या. आणि त्याच क्षणी, खरं सांगायचं तर, त्यांना आपलंच वाईट वाटलं. बाकीचे सहल खेळत होते. खऱ्या अर्थाने ऐकणाऱ्या या एकट्याच होत्या, आणि त्या गेल्यावर पुन्हा तेच तळं आणि तीच अकरा मिनिटं.

शनिवारी साडेनऊलाच नीलांबरी मेलबॉक्सपाशी येऊन उभी राहिली. केस कसेबसे बांधलेले, खांद्यावर बाळाचा लाळेचा रुमाल तसाच.

"काका, आईचा पासपोर्ट द्या. मी ठेवते."

"त्या येतातच आहेत."

"म्हणूनच आधी आले." तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "काका, तुम्हाला माहितीये, अर्ज पेंडिंग आहे. आत्ता गेली तर परत कधी येता येईल, काही सांगता येत नाही. आणि मी? मी तरी कुठे जाऊ शकते? बाहेर पडले की परत यायला व्हिसाचा नवा शिक्का, स्टॅम्पिंग. आमच्या टीममधला एकजण लग्नाला गेला, चार महिने तिकडे अडकला. मी अडकले तर नोकरी गेली, घर गेलं. ती गेली की दोन-तीन वर्षं मला आई दिसणार नाही. हे तिला कळत नाही. तुम्ही तरी समजून घ्या."

मनोहररावांना सगळं समजत होतं. ही पोर केदारच्याच वयाची, दमलेली, आणि तिचं म्हणणं शंभर टक्के खरं. पासपोर्ट तिच्या हातात ठेवला तर कुणी त्यांना नावं ठेवणार नव्हतं. उलट केदार म्हणाला असता, बाबा, बरं केलंत. आणि सोमवारी तळ्याकाठी सहा माणसं असती. त्यांचा हात पाऊचच्या चेनवर गेलासुद्धा.

"नीलांबरी, फार वर्षांपूर्वी एकाने मला सांगितलं, आईचा पासपोर्ट माझ्याकडे द्या, तिला सांभाळता येत नाही. मी दिला. पोरगा चांगला होता. दोघांचं हॉटेलात भांडण झालं, तो रागाने पुढच्या गावी निघून गेला, पासपोर्ट खिशात. ती बाई दोन दिवस हॉटेलच्या लॉबीतल्या खुर्चीवर बसून होती. खोलीत जाईना. म्हणे, तो आला आणि मी दिसले नाही तर?" ते थांबले. "तेव्हापासून माझा एकच नियम आहे. ज्याचा फोटो त्याच्या हातात. नवऱ्याच्या नाही, मुलाच्या नाही."

"काका, ही खरी टूर नाहीये!"

"हो," मनोहरराव म्हणाले. "पासपोर्ट मात्र खरा आहे."

सुमित्राताई वळणावरून येताना दिसल्या. नेहमीचीच साडी, पायांत नेहमीचेच बूट. त्यांनी मुलीला पाहिलं, तरी पावलं मंदावली नाहीत. मनोहररावांनी चेन उघडली, पहिलं पान उलगडलं, फोटो पाहिला, समोरचा चेहरा पाहिला, विमानतळावर पाहायचे तसाच, आणि पासपोर्ट दोन्ही हातांनी पुढे केला.

सुमित्राताईंनी तो घेतला आणि पदराखाली धरला. नीलांबरी रडू लागली तेव्हा त्यांनी दुसऱ्या हाताने तिच्या खांद्यावरचा रुमाल काढला आणि तिचं तोंड पुसलं. मग दोघी घराकडे निघाल्या. त्या दिवशी तक्तसांगचे तीन जिने पाचच जण चढले.

रविवारी मनोहररावांनी छत्री वर धरली आणि माणसं मोजली. पाच. उलटीकडून मोजली. पाच.

"काल तीन वाजून दहा मिनिटांनी गाडी गेली," रवींद्र म्हणाले. "नीलांबरी स्वतः ड्राइव्ह करत होती. मागे दोन बॅगा आणि बाळाची सीट."

"ती घेऊन गेली?" मृणालिनीबाईंनी विचारलं.

"तीच."

कुणीतरी म्हणालं, म्हणजे एक माणूस कमी. मनोहररावांनी मान हलवली. "नाही. पूर्ण आहेत. जो घरी पोहोचतो त्याला कमी धरत नाहीत." मग त्यांनी एकेकाला नाव घेऊन पुढे बोलावलं, फोटो पाहिला, चेहरा पाहिला, पासपोर्ट हातात दिला. इंदूरच्या जोडप्याला झेरॉक्स दिल्या, त्याही फोटो पाहूनच. मोहनरावांनी आपला पासपोर्ट शर्टाच्या खिशात ठेवला आणि घरी जाईपर्यंत खिशावरचा हात काढला नाही.

मनोहरराव घरी आले तेव्हा केदार डायनिंग टेबलाशी नाश्ता करत होता, समोर लॅपटॉप उघडा.

"संपली का टूर?"

"संपली. केदार, माझा पासपोर्ट दे."

केदारने वर पाहिलं. "आता कशाला? कुठे जायचंय बाबा?"

"कुठेच नाही," मनोहरराव म्हणाले, आणि त्यांनी रिकाम्या पाऊचची चेन उघडून धरली. "फोटो माझा आहे ना त्याच्यावर?"