शेकमधलं लोणी

आज चहा नाही, सरबत नाही, पुदिन्याचा मिल्कशेक करणार, असं मिस्त्रीणबाईंनी जाहीर केलं तेव्हा मिस्त्र्यांना वाटलं, बाईला खरंच आनंद झालेला दिसतोय. उंच पेले काढले होते. त्यांच्या कडा ओल्या करून साखरेत बुडवल्या होत्या. आइस्क्रीमचा डबा आणला होता, वरून किसायला चॉकलेट होतं. खिडकीतल्या कुंडीतला पुदिना तर असा ओरबाडला होता की मागे नुसत्या काड्या उरल्या.

"अगं, एवढा थाट कशाला?"

"मग! घरात लग्न झालंय. चहा काय, रोजचाच आहे."

लग्न झालं होतं सुनेचं. त्यांच्या मुलाशी झालेलं ते जुनं. मुलगा एका सकाळी कामावर जायला निघाला आणि रस्त्यातच गेला. त्यानंतर सून कुठे गेली नाही. "मी इथंच बरी आहे," म्हणाली, आणि दोघांच्या गोळ्या, विजेची बिलं आणि भांडणं सांभाळत राहिली. तरण्याताठ्या पोरीनं दोन म्हाताऱ्यांच्या उशाशी आयुष्य काढावं, हे मिस्त्रीणबाईंनाच बघवेना. त्यांनीच खटपट करून स्थळं पाहायला घेतली. एक जमत आलं होतं. पण त्या दिवशी सुनेनं सासूचे सुजलेले डोळे पाहिले आणि दुपारपर्यंत नकार कळवून मोकळी झाली. कारण विचारलं तर म्हणे, मुलगा बुटका आहे. मुलगा चांगला ताडमाड होता.

म्हणून या खेपेला मिस्त्रीणबाईंनी स्वतःला आणि नवऱ्याला शपथ घातली होती. पोर दाराबाहेर पडेपर्यंत डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही. "मला माझी काळजी नाही," त्या म्हणाल्या होत्या, "तुम्हीच आधी पाघळता."

हे मात्र खरं होतं. सकाळी लग्नाच्या कचेरीत साक्षीदार म्हणून सही करताना मिस्त्र्यांनी दोनदा रुमाल काढला होता आणि बाई शेजारी उभ्या राहून खुशाल हसत होत्या. आपली बायको दगडाची आहे की काय, असंही एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं.

आता सुनेची बॅग दाराशी उभी होती. शेक घ्यायचा आणि निघायचं, एवढंच राहिलं होतं. बाहेरच्या खोलीत सून आणि तिचा नवरा बसले होते. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. मवाळ, कमी बोलणारा माणूस. सुनेच्या नवऱ्याला काय हाक मारावी हे मिस्त्र्यांना सुचत नव्हतं आणि बायकोच्या सासऱ्याला काय म्हणावं हे त्याला. तेव्हा दोघं एकमेकांना "अहो" म्हणत उकाड्याबद्दल बोलत होते.

आत मिक्सर सुरू झाला.

मिस्त्र्यांचा जन्म मिक्सर दुरुस्त करण्यात गेला होता. घरचा मिक्सर मात्र तीन मोडक्या मिक्सरांचे अवयव जोडून उभा केलेला आणि खुळखुळ्यासारखा वाजणारा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, त्यातला प्रकार. पण त्याचा आवाज त्यांना पाठ होता. आधी बर्फाची खडखड झाली. मग मोटर जड बोलू लागली, म्हणजे आइस्क्रीम पडलं. मग आवाज एकसारखा, मऊ झाला. झालं. आता बंद.

मिक्सर बंद झाला नाही.

चष्मेवाला काहीतरी विचारत होता. मिस्त्र्यांनी मान हलवली, पण कान आतच होते. शेक होऊन गेला होता, तरी मिक्सर फिरतच होता. थोडा थांबला, लगेच पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी वेग शेवटच्या खुणेपर्यंत नेलेला.

"मोटरचे कोळसे जाळेल ही बाई," असं पुटपुटून ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

मिस्त्रीणबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं होतं आणि मान खाली घालून त्या रडत होत्या. हुंदके गिळत नव्हत्या, पदर तोंडात कोंबलेला नव्हता. चक्क तोंड उघडून, लहान पोर रडतं तशा रडत होत्या, आणि मिक्सरच्या घरघरीत त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. तेव्हा मिस्त्र्यांना कळलं, आज चहा का नाही. चहाला मिक्सर लागत नाही.

त्यांनी बटणाला हात लावला नाही. बायकोच्या शेजारी जाऊन उभे राहिले, आणि मग शपथबिपथ बाजूला ठेवून तेही रडले. मुलगा गेला तेव्हा दोघं वेगवेगळ्या खोल्यांत रडली होती, एकमेकांना दिसू नये म्हणून. आज पहिल्यांदाच एकत्र जमलं.

बाईंनीच शेवटी बटण फिरवलं. झाकण काढलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई, लोणी आलं!"

मलईचं दूध, त्यात आइस्क्रीम. एवढं घुसळल्यावर दुसरं काय येणार? वर पिवळट कण तरंगत होते, खाली हिरवं पाणी. डब्यात आइस्क्रीम उरलं नव्हतं. दुधाचं पातेलं उपडं करून ठेवलेलं. बाईंनी चहाच्या गाळणीनं गाळून पाहिलं, तरी बारीक कण राहिलेच. दोन पेले जेमतेम भरले.

"चॉकलेट जास्त किस," मिस्त्री कुजबुजले. "झाकून जाईल."

"तोंड धुवा आधी. नाक बघा तुमचं, टोमॅटो झालाय."

दोघं हसऱ्या चेहऱ्यानं पेले घेऊन बाहेर आली. चष्मेवाल्यानं घोट घेतला, क्षणभर तोंडातच ठेवला, मग गिळला. "छान झालंय," तो म्हणाला. भला माणूस होता.

सुनेनं मात्र लगेच पेला तोंडाला लावला नाही. ती त्यात पाहत राहिली. चॉकलेटच्या किसाखालून लोण्याचा एक गोळा वर आला आणि पेल्याच्या कडेला चिकटला. तिनं तो बोटानं टिपला. सासूकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं. मिस्त्र्यांना वाटलं, झालं! आता ही उठणार, बॅग उघडणार, आणि चष्मेवाला बुटका आहे म्हणणार. त्यांना तिची जन्मभराची सोबत हवी होती, आणि तिनं जावं म्हणून मनातल्या मनात ते हातही जोडत होते. दोन्ही खरं होतं.

सुनेनं बोट चाटलं. मग एका दमात सगळा पेला संपवला, लोण्यासकट.

"आई, फक्कड झालाय," ती म्हणाली. "पण तुम्हा दोघांना कुठंय? थांबा, मी करते."

"अगं नको, आम्ही मागून..."

"मी करते म्हटलं ना!"

ती आत गेली. घरात दुधाचा थेंब नव्हता, बर्फ नव्हता, पुदिन्याचं पान नव्हतं. बाई तोंड उघडणार इतक्यात आत मिक्सर सुरू झाला.

तो आवाज मिस्त्र्यांनी लगेच ओळखला. भांडं रिकामं असलं की मोटर किंचाळते, तशी ती किंचाळत होती. आत घालायला काही नव्हतंच. पोरगी रिकामा मिक्सर फिरवत होती.

बाई ताडकन उठल्या. मिस्त्र्यांनी त्यांचं मनगट धरलं.

"बस."

"अहो, रडतेय ती!"

"कळतंय मला. तू गेलीस तर ती जायची नाही. बस."

बाई बसल्या. चष्मेवाला एकदा आतल्या दाराकडे, एकदा या दोघांकडे पाहत होता. पेला त्यानं खाली ठेवला.

"मी... बघू का?" त्यानं विचारलं. परक्या घरात शिरायची परवानगी मागावी तसं.

मिस्त्र्यांना वाटलं, नको म्हणावं. इतकी वर्षं तिच्या डोळ्यांत पाणी आलं की आपणच उठत होतो. आजचा दिवसही आपलाच असू दे. ओठावर आलेलं त्यांनी गिळलं.

"जा," ते म्हणाले. "आता तुम्हीच जायचं."

तो चपळाईनं उठला आणि आत गेला. मिक्सर आणखी थोडा किंचाळला आणि थांबला. मग त्याचा हलका आवाज आला, नीट ऐकू न येणारा, आणि तिचा हुंदका, अगदी स्पष्ट ऐकू येणारा. पुन्हा त्याचा आवाज. हळूहळू हुंदके कमी होत गेले.

बाहेरच्या खोलीत दोघं एकमेकांचा हात धरून, ओठ घट्ट मिटून बसली. मिक्सर बंद होता. आता एवढासा आवाज झाला असता, तरी तो आत ऐकू गेला असता.