एका मोसमापुरता

निर्मलाबाईंनी ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलला बांधलेला नायलॉनचा दोर दोन्ही हातांनी ओढून पाहिला, तर तो पाळण्याच्या दोरीसारखा झुलला.

“नवलसिंग, हाई काय बांधं शे?”

ट्रेलरचा ड्रायव्हर नवलसिंग गमछाने मान पुसत होता. “ताई, इतला जड ट्रॅक्टर कोठे जाई? मी हळूहळू चालाडसू.”

“म्हसावद लगून गतिरोधक कितला शेतस, माहीत शे ना? साखळी कोठे शे तुन्ही?”

“घरी ऱ्हायनी,” तो म्हणाला आणि दुसरीकडे पाहू लागला.

खळ्याच्या कडेला शेवग्याच्या सावलीत खाट टाकून भूपेंद्र बसला होता. निर्मलाबाईंचा धाकटा दीर. सकाळपासून तो खाटेवरून उठला नव्हता. ट्रॅक्टर ट्रेलरवर ओढून चढवताना हात लावला नव्हता, की साधं पाणीही विचारलं नव्हतं. वहिनी येणार हे कळल्यावर त्याने बॅटरी काढून ठेवली होती आणि स्टिअरिंगचा एक रॉड सोडवला होता. ‘दुरुस्तीले काढं शे,’ एवढंच त्याचं म्हणणं. नाहीतर निर्मलाबाई ट्रेलर घेऊन आल्याच नसत्या. ट्रॅक्टर चालवतच घरी नेला असता.

“वहिनी, लई जा, मी कोठे नही म्हणस?” तो आता खाटेवरून म्हणाला. “पन चालाडी कोण?”

“मी.”

तो हसला. मोठ्याने नाही, नाकातून. निर्मलाबाईंची कानशिलं तापली.

निर्मलाबाईंचा नवरा हिलाल गेला तेव्हा तेराव्याच्या दिवशीच भूपेंद्रने ट्रॅक्टर मागितला होता. केळीच्या एका मोसमापुरता. दुःखात बुडालेल्या माणसाला नाही म्हणायचं सुचत नाही, तसं त्यांनाही सुचलं नाही. मोसम सरला, मग दुसरा आला. दर वेळी नवं कारण. कधी लागवड, कधी नांगरट, आणि शेवटी, तुम्हाला ड्रायव्हर ठेवावाच लागणार, मग ट्रॅक्टर इथे राहिला काय न् तिथे राहिला काय? त्या ऐकून घेत राहिल्या. घरातलं भांडण वेशीवर न्यायचं नाही म्हणून गप्प बसत राहिल्या.

पण यंदा कापसाची जमीन तयार करायला त्यांनी भाड्याचा ट्रॅक्टर सांगितला. कुणी अनोळखी ड्रायव्हर तो घेऊन आला. त्याने बांधावर ट्रॅक्टर वळवला आणि उजव्या मडगार्डवरचा वेल्डिंगचा जाड वण त्यांच्या समोर आला. हिलालने निंबाला ठोकला होता, त्याचा वण. दिवसभर त्या बांधावर उभ्या राहून आपलाच ट्रॅक्टर आपल्याच शेतात फिरताना पाहत होत्या. संध्याकाळी ड्रायव्हरने भाडं मागितलं. त्यांनी ते मुकाट्याने मोजून दिलं. दुसऱ्या दिवशी त्या शेजारच्या शेतकऱ्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, मला क्लच कसा सोडायचा ते दाखवा.

“नवलसिंग, गाडी जराशी पुढे ले,” त्या आता म्हणाल्या. “तुन्हा दोर देखूत.”

नवलसिंगने ट्रेलर वीतभर पुढे घेऊन ब्रेक दाबला. दोर ताणून तडतडला आणि ट्रॅक्टर हातभर पुढे घसरत आला. पुढची चाकं ट्रेलरच्या फळीच्या टोकाशी जाऊन थांबली. निर्मलाबाई ओरडल्या. शेवग्यावरचे कावळे उडाले.

“देखा!” भूपेंद्र म्हणाला. “रस्तामा कोन्हा आंगवर पडना ते माले बोल लावू नका.”

निर्मलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. पदर खोचून त्या ट्रेलरवर चढल्या. गिअर मोकळाच होता, तो टाकला. ब्रेक दाबून लॉक केला. मग खाली उतरून थेट भूपेंद्रच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरल्या आणि खुंटीवरच्या दोन जाड साखळ्या खांद्यावर घेऊन बाहेर आल्या.

“साखळी मन्ही शे,” भूपेंद्र म्हणाला.

“मंग तिनं भाडं लाय,” निर्मलाबाई म्हणाल्या. “तुले ते जमस.”

त्याने पाय खाटेवरून खाली सोडले. ट्रॅक्टर भाड्याने कुणाच्या शेतात गेला होता, हे त्यांना ठाऊक असल्याचं त्याला आत्ताच कळलं असावं.

नवलसिंगही आता निमूट कामाला लागला. एक साखळी पुढच्या एक्सलवरून दोन्ही कडांना, एक मागच्या एक्सलवरून. निर्मलाबाईंनी प्रत्येक साखळीत पहार घालून पीळ दिला, कड्या करकरेपर्यंत. स्टिअरिंगच्या रॉडवरून गेलेली साखळी त्यांनी सोडायला लावली आणि पुन्हा नीट बांधून घेतली.

राहिली चाकांना लावायची अडण. त्या काळ्या मातीच्या सारवलेल्या खळ्यात मुठीएवढाही दगड नव्हता. सरपण म्हणून चुलीमागे नुसत्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग.

“एखादं लाकूड शे का?”

“नही,” भूपेंद्र म्हणाला.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून रुचिका बाहेर आली. भूपेंद्रची बायको. ट्रॅक्टर मागायला आलं की ती चहा देऊन आत जायची, तोंडातून अवाक्षर नाही. बोलतो दीर, पण पढवते ही, असं निर्मलाबाईंनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. आज तर चहासुद्धा आला नव्हता.

ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. “उठा जरासा.”

“काबर?”

“उठा.”

तो उठला. रुचिकाने खाट एका हाताने उचलून पायांखालचे बाभळीचे चारही ठोकळे एकेक करून काढले आणि खाट सोडून दिली. खाट दणकन खाली आली. ठोकळे पोटाशी धरून ती ट्रेलरपाशी आली.

“रुचिका!” भूपेंद्र ओरडला. तिने वळून पाहिलं नाही.

निर्मलाबाईंनी ठोकळे घेतले. आभार मानावेत असं त्यांना वाटेना. तीन वर्षं कुठे होतं हे लाकूड? एकेक ठोकळा त्या चाकाखाली सारत होत्या आणि रुचिका पहारेच्या मागच्या टोकाने तो ठोकत होती. दोघी वाकलेल्या असताना ती हळूच म्हणाली,

“घट बसाडा, वहिनी. सुटी गया ते परत आठेच येई.”

परत इथेच? निर्मलाबाई थांबल्या. जावेच्या कपाळावर घाम होता आणि ती ठोकळ्याकडेच पाहत होती.

नवलसिंगने इंजिन चालू केलं. निर्मलाबाई केबिनमध्ये चढल्या, दार ओढून घेतलं. रुचिका खिडकीशी आली.

“चालाडता येवाले कितला दिन लागनात तुम्हले?”

“तुले काय करनं शे?” शब्द तोंडून सुटले आणि निर्मलाबाईंनाच ते टोचले. रुचिका हलली नाही. उत्तर मिळेपर्यंत ती तशीच उभी राहणार, असं दिसत होतं.

“यी जाय म्हसावदले,” निर्मलाबाई म्हणाल्या. आवाजातली धार अजून गेली नव्हती. “सीटवर बसाडसू. मंग तूच देखी ले.”

ट्रेलर खळ्यातून बाहेर पडला. रस्त्यावर चढताना मोठा हिसका बसला, पण ट्रॅक्टर जागचा हलला नाही. निर्मलाबाईंनी बाहेरच्या आरशात पाहिलं. भूपेंद्र खळ्यात उभा राहून कुणाला तरी हाका मारत होता. रुचिका त्याच्याजवळ नव्हती. ती रस्त्याच्या कडेकडेने ट्रेलरमागे चालत येत होती, आणि नवलसिंगने न विचारताच गाडी हळू केली.